उसन्या सोन्याचा व्हिडिओ

सून चालत आली की तिचा श्वास आधी यायचा नि ती मागनं. न्हाणीपासून पडवीपर्यंत आली की भिंतीला हात लावून उभी राहायची. मी बघतेय असं दिसलं की पदर सारखा केल्यासारखं करायची. मी बोलायची नाय. बोलून काय झडप नीट होणार होती? पण माझ्या हातात काम टिकायचं नाय. भाजी निवडायला बसले की उठायची, बावीवर जाऊन पाणी बघून यायची, गेटाची कडी लावायची, परत काढायची.

झडप हा शब्द मला बोईसरच्या डॉक्टरानं शिकवला. त्यानं मशीन लावलं, म्हणाला, हिच्या हृदयाची झडप खराब झालीय, मुंबईला न्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात म्हणाले, बदलायला लागेल, लवकर. लवकर म्हणजे कदी ते कोण सांगेना. माझ्या पोरानं लयच धरलं तेवा एक डॉक्टर चालता चालता म्हणाला, "होळीपर्यंत थांबू नका." दिवाळी तेवा होऊन गेली होती.

सरकारी योजनेतून थोडं सुटलं. त्याच्यासाठी पोरगा कोळगावच्या मोठ्या कचेरीत किती वेळा गेला ते त्यालाच माहीत. बाकीचं आमी भरायचं. पोरगा बोईसरला कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली. गेला तर रोज, नाय गेला तर नाय. माझा धनी गेला तेवा हा पोरगा मांडीवर होता. तारापूरच्या अलीकडं खाडीला लागून आमचं गाव, तिथली भाजी टोपलीत घालून मी बोईसरच्या कॉलनीत दारोदार विकली नि त्याला मोठं केलं. सोनंनाणं म्हणाल तर माझं धन्याच्या आजारपणात गेलं, सुनेचं वादळात उडालेलं छप्पर परत घालताना गेलं. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी राहिली.

इस्पितळात एक बाई बसते गरिबांना वाट दाखवायला. तिनं सांगितलं, मोबाईलवर एक कंपनी हाय. आजारी माणसाचा व्हिडिओ नि त्याची गोष्ट टाकायची. दुनियेतली माणसं बघतात नि ज्याला जेवढं वाटेल तेवढं टाकतात.

मी म्हटलं, "कोण टाकेल? आपल्याला ओळखतंय कोण?"

सून म्हणाली, "ओळख लागत नाय आई. वाचून भरोसा वाटला की टाकतात."

तिला ते सगळं माहीत. घरात मिक्सर घ्यायचा तर ती आधी बसून लोकांनी काय लिहिलंय ते वाचायची. तारे बघायची. पाच तारे असले तरी भुलायची नाय, खालचं एक तारावाल्यांचं आधी वाचायची. एकदा साडी मागवली, पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पसरला. तेवा तिनं स्वतः बसून लिहिलं, एक तारा दिला, वर साडीचा फोटो लावला. मी म्हटलं, "कशाला कोणाच्या पोटावर पाय देतेस?" तर म्हणाली, "मी नाय लिहिलं तर माझ्यासारखी दुसरी फसेल." त्यात काय चुकीचं नव्हतं. कॉलनीतल्या बाया पण वांगं उलटं करून देठाकडं बघायच्या, मेथीची जुडी सोडून आत नाक घालायच्या. मला राग नाय यायचा. फरक एवढाच की त्या माझ्या समोर बघायच्या, नि चार दिवस बघितलं की पाचव्या दिवशी न बघता पिशवी पुढं करायच्या.

मुंबईहून तारीख आली. आमच्या आळीत एक रीत हाय. सुवासिनी मोठ्या दवाखान्याला निघाली की बाया तिची ओटी भरतात, नि प्रत्येक जण आपल्या अंगावरचं कायतरी काढून तिच्या अंगावर घालते. उसनं घेतलेलं परत द्यायला माणसाला घरी यावंच लागतं, म्हणून. तर सकाळी सगळ्या आल्या. समोरचीनं आपला हार घातला. मागच्या वाडीतलीनं कानातलं. कोणी अंगठी, कोणी बांगड्या. कोपऱ्यावरच्या घरातली शेवटी आली, तिला शेवटीच यायला आवडतं. तिच्या पाटल्यांचा आळीत बोलबाला. लग्नकार्यात त्या पाटल्यांचे हात पुढं करून ती हळद लावायची. तिनं त्या काढल्या नि सुनेच्या हातात चढवल्या. सुनेचा हात एवढा वाळलेला की पाटल्या कोपरापर्यंत घसरल्या.

"आता हात वर करून बस," कोपऱ्यावरची म्हणाली. "पाटल्या पडल्या तर तुला ऑपरेशनाच्या टेबलावरनं उठवून आणीन."

सून हसली नि हसताना खोकली.

नेमकी तेवाच मोबाईलच्या कंपनीची पोरगी आली. बोलायला गोड होती, केस आखूड, पाठीला पिशवी. तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, नेहमीसारख्या राहा. आमाला वाटलं व्हिडिओ काढायला येतेय तर बाई नीट दिसली पाहिजे. सुनेनं लग्नातली हिरवी साडी नेसलेली. पोरीनं ओटी भरताना थोडं घेतलं, मग पडवीत बसवून सुनेला बोलायला लावलं. सून चार वाक्यं बोलली. मी विधवा, म्हणून ओटीच्या वेळेला बाजूला दाराशी उभी होते, पण त्या पोरीनं मला ओढून सुनेच्या बाजूला बसवलं. माझ्या अंगावर काय, एक जुनं लुगडं.

मुंबईला गेलो तर सुनेला ताप निघाला. ताप असताना कापत नाय म्हणाले. औषध दिलं, सांगितलं, ताप उतरला की या, नि येताना बाकीचं भरायची सोय करून या. आमी आमच्या दारात परत उतरलो तेवा सगळं सोनं फडक्यात बांधून माझ्या कनवटीला होतं. बायांना द्यायला गेले तर एकीनं पण हात लावला नाय.

"काम झालं नाय नि परत कसलं देता?" समोरची म्हणाली. "अंगावर घाला तिच्या."

म्हणून ते सोनं घालूनच सून घरात बसायची. पांघरूण घेतलं की सोनं वाजायचं.

व्हिडिओ मोबाईलवर चढला. पोरानं मला दाखवलं, सुनेच्या फोटोखाली एक हिरवी रेघ होती. पैसे येतील तशी ती पुढं सरकणार. मला आकडे वाचायला वेळ लागतो, रेघ कळते. पहिले दोन-तीन दिवस ती बावीतल्या पाण्यासारखी चढली. ओळखीचे, बिनओळखीचे, कोणी परदेशातला. बोईसरच्या कॉलनीतली एक जुनी गिऱ्हाईक बाई, आता पुण्याला असते, तिनं मला ओळखलं. खाली लिहिलं, ह्या आजींची भाजी मी वर्षानुवर्षं खाल्ली. ते पोरानं दोनदा वाचून दाखवलं.

मग रेघ थांबली. मी सकाळी उठले की विचारायची, "सरकली?" पोरगा मान हलवायचा. कामावर गेला की मी त्याच्या येण्याकडं डोळे लावून बसायची. नाक्यावर टमटम थांबली की उठायची. भात उतू गेला दोनदा.

का थांबली ते मला सुनेकडनं कळलं. मी न्हाणीतनं आले तर ती मोबाईल उशीखाली सारत होती.

"दाव," म्हटलं.

"काय नाय त्यात."

"मग दाव की."

तिनं वाचलं. कोणीतरी लिहिलं होतं, अंगावर एवढं सोनं नि भीक कसली मागता? दुसऱ्यानं लिहिलं, आधी पाटल्या विका. तिसऱ्याचं हिंदीत होतं, हे सगळे धंदेवाईक, आजार पण खोटा. एकीनं माझ्याबद्दल लिहिलं, सून नटलीय नि सासूच्या अंगावर फाटकं, घरात काय चालतं ते दिसतंयच. ह्याला तर किती जणांनी अंगठा दिला होता.

मी म्हटलं, "माझं लुगडं फाटकं कुठाय?"

सून हसली नाय. म्हणाली, "आई, मी पण असंच लिहिलं असतं."

तिनं खरंच लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पोरीचा फोन. बऱ्याच लोकांनी तक्रार केलीय, म्हणून सुनेचं पान तपास होईपर्यंत बंद ठेवलंय. आलेले पैसे पण अडकलेत. मी म्हटलं, "मग तपास करा, या, घर उघडं हाय." ती म्हणाली, "आजी, सोपा मार्ग सांगते. नवीन व्हिडिओ करू. वहिनी साध्या साडीत, अंगावर काही नको. मागे पत्र्याची बाजू येऊ दे. आणि डोळ्यांत पाणी आलं तर थांबवू नका."

"नि सोनं कुठं गेलं विचारलं तर?"

"कोणी विचारत नाही, आजी. लोक दुसरा व्हिडिओ पाहिला की पहिला विसरतात."

फोन ठेवला नि सून लगेच पाटल्या काढायला लागली. मी तिचा हात धरला. आमच्या दोघींचं तेवढं एकदाच वाजलं.

"काढू द्या आई. ताप उतरलाय. तारीख घ्यायचीय. लोकांना जसं पाहिजे तसं दिसायचं, काय जातंय?"

"उसनं हाय ते. काम झाल्याबिगर काढायचं नाय."

"इस्पितळात काढलंच होतं की. तुमच्या कनवटीला होतं."

"म्हणून ताप आला."

मी बोलले नि मलाच वाटलं, हे काय बोलले. ताप काय सोन्यानं आला नव्हता. पण मनात ते बसलं होतं नि निघत नव्हतं. एकीकडं रेघ बंद पडलेली, एकीकडं होळी जवळ येतेय, गावात पोरं लाकडं गोळा करायला लागलेली. तिच्या नखांचा रंग मी रोज बघायची. निळसर झाली होती.

मी उठले नि समोरचीकडं गेले. तिला सांगितलं, असं असं हाय. तिनं मागच्या वाडीतलीला हाक मारली. थोड्या वेळात सगळ्या आमच्या पडवीत. मी कोणाला रडून दाखवलं नाय, सरळ सांगितलं, लोकांना वाटतंय सोनं हिचं हाय.

"मग सांगू की आमचं हाय म्हणून," समोरची म्हणाली. "घाबरायचंय काय? एकेक जण पुढं येऊ, माझं हे, माझं ते."

पोरीला फोन लावला. ती तयार झाली, पण म्हणाली, "लोक म्हणतील शेजारणींना शिकवून उभं केलंय. दागिन्यांच्या पावत्या आहेत का?"

मागच्या वाडीतली म्हणाली, "माझ्या सासूच्या सासूचं कानातलं. पावती मागायला कुठं जाऊ, स्मशानात?"

कोणाकडंच पावती नव्हती. सगळं आईनं, सासूनं दिलेलं. आमच्यात काय कोण सोनं पावतीनं घालतंय? तरी पोरगी येते म्हणाली, करून बघू.

ती येणार त्या सकाळी कोपऱ्यावरची मला बावीकडं घेऊन गेली.

"वहिनी, माझं एक ऐका. माझ्या पाटल्यांचं नाव घेऊ नका."

"का गो?"

"असंच. माझ्या पोरीचं लग्न वाणगावला जमतंय. मुलाकडची माणसं मोबाईल लय बघतात. त्यांना वाटेल, ह्यांची पाटली दुसऱ्याच्या हातात."

"बरं," म्हटलं. मला ते पटलं नाय, पण प्रत्येकाच्या घराला दार असतं. पाटल्या तेवढ्या काढून तुला देते म्हटलं, तर ती घेईना पण. नुसती बावीत बघत उभी.

पोरगी आली. मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. सुनेला मधे बसवलं, हिरव्या साडीतच. मी म्हटलं, साडी पण तीच राहू दे. समोरची पुढं झाली, हाराला हात लावून म्हणाली, हा माझा. मागच्या वाडीतलीनं कानातल्याचं सांगितलं नि मधेच स्वतःच्या गुडघेदुखीचं सुरू केलं, पोरीनं तिला थांबवलं. अंगठी झाली, बांगड्या झाल्या. मग पोरगी म्हणाली, "आणि या पाटल्या? सगळ्यात जास्त कमेंट पाटल्यांवर आहेत."

मी दुसरीकडं बघितलं. सून माझ्याकडं बघत होती. पोरगी म्हणाली, "आजी, या कोणाच्या आहेत? हे सुटलं तर बाकीचं कोणी मानणार नाही."

मी तोंड उघडलं, काय बोलणार होते मला माहीत नाय. तेवढ्यात कोपऱ्यावरची उठली. सुनेच्या हातातनं एक पाटली सटकन काढली, ती तर आपोआपच निघायची, नि पायरीशी गेली. आमच्या पायरीचा दगड खरबरीत. त्याच्यावर तिनं पाटली घासली, वाटण वाटतात तशी, जोर लावून. मग मोबाईलसमोर धरली. पिवळं निघून आत तांबूस काळपट दिसत होतं.

"ही माझी," ती म्हणाली. "एक ग्रॅमची. बोईसरच्या बाजारातली. खऱ्या होत्या त्या पोराच्या फीला गेल्या. ही पोरगी श्वास घेते तो ऐका, तो तरी पितळेचा नाय."

नि दुसरी पाटली न घेताच घरी गेली.

समोरची हळूच म्हणाली, "आणि हिनं माझ्या पोरीच्या लग्नात वजन सांगितलं होतं मला." कोण हसलं नाय. मग मागच्या वाडीतली हसली, नि मग सगळ्याच, सून पण, छातीला हात लावून.

तो व्हिडिओ गेला. बाकी आमचं कोणी बघितलं नाय म्हणा, पाटली घासायचं तेवढंच कापून लोकांनी इकडं तिकडं पाठवलं. लोक हसले, रडायची चित्रं टाकली. तिला पाटलीवाली काकी असं नाव पडलं. पान उघडलं, हिरवी रेघ परत सरकायला लागली, आधी हळू नि मग अशी की पोरगा कामावरनं येताना वाटेतूनच फोन करायचा. ज्यानं पाटल्या विका म्हणून लिहिलं होतं, त्यानं पण पैसे टाकले. माफी मागितली नाय. एक जण मात्र शेवटपर्यंत लिहीत राहिला की हे पण नाटक हाय, घासायला आधी दुसरी पाटली आणली असेल. सून म्हणाली, सोडा, एक तारावाला एक तरी असतोच.

कोपऱ्यावरचीचं ते वाणगावचं स्थळ थांबलं. नाय म्हणाले नाय, कळवतो म्हणाले. मी तिच्या दारात गेले. ती वाल सोलत होती, वर बघितलं नाय.

"माझ्यामुळं झालं," म्हटलं.

"तुमच्यामुळं काय? मी घासली."

"मी त्यांच्याकडं जाऊन बोलू का?"

"काय बोलणार? तुमची विहीण खोटं घालते पण मनाची खरी हाय? बसा, वाल सोला."

मी बसले. सगळे वाल सोलून झाले. निघताना म्हणाली, "तारीख मिळाली का?" म्हटलं, मिळाली. "मग जा. इथं काय करताय?"

तारीख होळीच्या आधीची मिळाली.

सुनेला आत नेलं तेवा सकाळ होती. आमाला बाहेर लोखंडी बाकावर बसवलं. पोरगा मोबाईल बघत होता. पैसे टाकलेली माणसं विचारत होती, झालं का, कशी हाय. कंपनीच्या पोरीनं निरोप पाठवला, ऑपरेशन झालं की वहिनींचा आभाराचा एक छोटा व्हिडिओ, हसरा. मला बाकावर बसवेना. मी त्या जिन्याशी जायची, यायची. रखवालदार हिंदीत म्हणाला, माताजी, बैठिए, चलने से जल्दी नहीं होगा. बसले नि परत उठले.

लोकांचा मला राग होता, एवढे दिवस. न बघता, न ओळखता, खरं की खोटं म्हणून खोदत बसलेले. पण त्या दारासमोर मला दुसरंच कळलं. दार उघडलं, हिरवा डगला घातलेला तरुण डॉक्टर बाहेर आला, तोंडावरचं फडकं खाली केलं, म्हणाला, "आजी, झालं. झडप बसली. चांगली आहे." माझा पोरगा तिथंच बाकावर बसला नि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी म्हटलं, "दाखवा."

"आता आत सोडत नाहीत. संध्याकाळी."

"तुमचं ऐकलं. पण दाखवा."

डॉक्टर नर्सला काय तरी म्हणाला. तिनं मला डगला घातला, डोक्याला टोपी, पायात प्लास्टिक. काचेच्या आत सून झोपली होती, नळ्यांच्या मधे, तोंडात पण नळी. चेहरा तिचाच हाय की नाय ते पण कळेना. नर्स म्हणाली, "लांबूनच हां, आजी."

मी चादरीच्या टोकाशी तिच्या पायाला हात लावला. गरम होता. अंगठ्याचं नख दाबलं नि सोडलं, मेथीचं पान दाबून बघतात तसं. आधी पांढरं झालं, मग लाल आलं. मी परत दाबलं.

"बास झालं ना आता?" नर्स म्हणाली.

"अजून एकदा," म्हटलं.